उपग्रह, ड्रोन आणि जमिनीवरील जाळे एकत्र जोडताना सुरक्षेचा विचार कुठून सुरू करावा?

प्रश्न विचारणारे : क्षितिज_७

नमस्कार. माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय उपग्रह, हवाई मंच आणि जमिनीवरील यंत्रणा यांचे एकात्मिक संपर्कजाळे हा आहे. मोबाइलचे मनोरे निकामी झालेल्या किंवा मुळातच नसलेल्या भागात काही तासांत संपर्क उभा करता यावा, असा आराखडा मी मांडला आहे. सर्वांत खाली ड्रोनवर बसवलेली लहान बेस स्टेशने आहेत, त्यांच्या वर साधारण २० किलोमीटर उंचीवर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये दीर्घकाळ राहू शकणारा एक मंच आहे, आणि तिथून सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांमार्फत सगळी वाहतूक दूरवरच्या कोअर नेटवर्कपर्यंत, म्हणजे ग्राहकांची ओळख पटवणाऱ्या आणि वाहतूक पुढे वळवणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेपर्यंत, जाते. हा मार्ग तुटल्यास पर्याय म्हणून ३५,७८६ किलोमीटरवरील भूस्थिर उपग्रह धरला आहे.

आराखडा वाचणाऱ्या परीक्षकांचा अभिप्राय असा आहे, की दोन्ही टोकांना भक्कम कूटबद्धीकरण (एन्क्रिप्शन) केले की मधला मार्ग कोणाच्याही हातात असला तरी फरक पडत नाही, म्हणून सुरक्षेचे प्रकरण दोन पानांत आटोपावे. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नेमक्या शब्दांत मांडता येत नाही. मी धोक्यांची यादी केली, ती चाळीस नोंदींच्या पुढे गेली, आणि तरीही तिच्यातून माझ्या आराखड्याबद्दल काहीच कळेना, कारण तशी यादी कोणत्याही जाळ्याला लावता येईल. उपग्रह, ड्रोन आणि जमीन *एकत्र* आल्यामुळे नवे असे काय निर्माण होते, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी या यंत्रणा प्रत्यक्ष चालवल्या आहेत किंवा त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

उत्तर : भूकेंद्र

परीक्षकांचे म्हणणे गुप्ततेपुरते बरोबर आहे. संदेश कोणी वाचू नये एवढीच अपेक्षा असेल, तर टोकापासून टोकापर्यंतचे कूटबद्धीकरण बहुतेक काम करते. पण ज्या जाळ्याचा हेतूच संपर्क टिकवून ठेवणे हा आहे, त्याची पहिली कसोटी उपलब्धता ही असते, आणि उपलब्धतेवर घाला घालणाऱ्याला आपला संदेश वाचण्याची गरजच नसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २४ फेब्रुवारी २०२२ चे आहे. रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरण्याच्या सुमारे एक तास आधी व्हायासॅट कंपनीच्या के-ए-सॅट या उपग्रहसेवेची हजारो मोडेम एकाएकी निकामी झाली. उपग्रहाला कोणी हात लावला नव्हता आणि कोणाचे कूटबद्धीकरणही फोडले नव्हते. हल्लेखोर जमिनीवरच्या एका चुकीच्या पद्धतीने जुळवलेल्या व्हीपीएन (दूरून आतल्या जाळ्यात येण्याचा झाकलेला मार्ग) उपकरणातून व्यवस्थापनाच्या जाळ्यात शिरले, तिथून पुढे सरकत मोडेमना आज्ञा देणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचले, आणि त्यांनी एकाच वेळी असंख्य मोडेमना अशा आज्ञा पाठवल्या की त्यांच्या फ्लॅश मेमरीतील आवश्यक माहिती पुसली गेली. मोडेमच्या दृष्टीने त्या आज्ञा अधिकृत ठिकाणाहूनच आलेल्या होत्या. परिणाम युक्रेनपुरता राहिला नाही. जर्मनीतील ५,८०० पवनचक्क्यांचे दूरनियंत्रण तुटले, कारण त्यांचे नियंत्रण-संदेश त्याच उपग्रहमार्गाने जात होते. पवनचक्क्या फिरत राहिल्या, पण त्या काय करत आहेत हे पाहण्याचा मार्ग उरला नाही. सेवा पूर्ववत करण्यासाठी कंपनीला ३०,००० च्या आसपास मोडेम नव्याने पाठवावी लागली. या मोडेममधून जाणारी वाहतूक टोकाटोकाला कितीही उत्तम कूटबद्ध असती, तरी त्या दिवशी तिचा काडीचाही उपयोग झाला नसता.

आपण ‘एकत्र आल्यामुळे नवे काय’ असे विचारले आहे, आणि माझ्या मते नेमका तोच प्रश्न धरून ठेवावा. उपग्रहांची सुरक्षा, ड्रोनची सुरक्षा आणि मोबाइल जाळ्याची सुरक्षा ही तीन स्वतंत्र शास्त्रे आहेत आणि प्रत्येकात बरेच काम झालेले आहे. पण प्रत्येक थर काही गोष्टी गृहीत धरतो, आणि ती गृहीतके शेजारच्या थराने पाळली आहेत की नाहीत हे तपासण्याची जबाबदारी कोणाकडेच नसते. म्हणून मी थरांपेक्षा सांध्यांकडे आधी पाहतो. धोक्यांची यादी बाजूला ठेवा आणि आराखड्यावर प्रत्येक सांध्यापाशी एकच प्रश्न लिहा : इथे कोण कोणावर कशाच्या आधारे विश्वास ठेवतो?

एक सांधा मी सविस्तर सांगतो, कारण तो पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. भूस्थिर उपग्रहापर्यंत संकेत जाऊन खाली यायला किमान २४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाच्या आसपास. टीसीपी हा इंटरनेटवर माहिती पोहोचवण्याचा शिष्टाचार (प्रोटोकॉल) पोच मिळाल्याशिवाय ठरावीक प्रमाणापलीकडे माहिती पाठवत नाही. ६४ किलोबाइटची जुनी मर्यादा धरली, तर अर्ध्या सेकंदाला तेवढीच माहिती जाईल, म्हणजे दुव्याची क्षमता कितीही असली तरी सेकंदाला जेमतेम एक मेगाबिट. आता ही मर्यादा वाढवता येते, पण सुरुवातीचा वेग आणि गळतीनंतरची मंद उभारी या अडचणी राहतातच. म्हणून उपग्रहसेवा देणारे मध्ये एक मध्यस्थ बसवतात, जो पलीकडून पोच येण्याआधी स्वतःच पोच देतो आणि वेग टिकवून ठेवतो. हा मध्यस्थ टीसीपीचे शीर्ष, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीची नियंत्रण-माहिती, वाचू शकला पाहिजे, ही त्याची अट आहे. ग्राहकाने आपल्या टोकापासून सगळे पॅकेट व्हीपीएनच्या आवरणात घातले, की मध्यस्थ आंधळा होतो आणि जोडणी रांगू लागते. टीएलएस (संकेतस्थळे वापरतात ते कूटबद्धीकरण) फक्त आतला मजकूर झाकत असल्यामुळे त्याने हे होत नाही, पण व्हीपीएनने आणि क्विकने (टीसीपीऐवजी वापरला जाणारा, नियंत्रण-माहितीही झाकणारा शिष्टाचार) होते. या कोंडीतून अनेकांनी सोपा मार्ग काढला : उपग्रहाचा टप्पा उघडाच ठेवला.

तो किती उघडा आहे हे ऑक्टोबर २०२५ मध्ये जगासमोर आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील आणि मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे ८०० डॉलरच्या, बाजारात सहज मिळणाऱ्या साधनांनी ३९ भूस्थिर उपग्रहांचे संकेत ऐकले. त्यांना मोबाइल कंपन्यांच्या बॅकहॉलमधून, म्हणजे बेस स्टेशन ते कोअर नेटवर्क या मार्गावरून, जाणारी संभाषणे आणि लघुसंदेश कूटबद्धीकरणाविना मिळाले. फोन आणि बेस स्टेशन यांच्यातील रेडिओ टप्पा कूटबद्ध होता, पण ते कूटबद्धीकरण बेस स्टेशनपाशी संपते. तिथून कोअर नेटवर्कपर्यंतचा मार्ग मोबाइलवाल्यांनी ‘आपली खासगी तार’ म्हणून धरला आणि उपग्रहवाल्यांनी ‘ग्राहकाने हवे ते झाकून पाठवावे’ असे मानले. दोघांपैकी कोणीही नियम मोडला नव्हता, आणि तरीही लोकांचे बोलणे आकाशातून जमिनीवर सांडत होते. आपल्या आराखड्यात हा सांधा ड्रोन आणि उपग्रह यांच्या मधोमध आहे. तिथे कूटबद्धीकरण वेगप्रवर्धक मध्यस्थाच्या *आतल्या* बाजूला, म्हणजे उपग्रहाच्या टर्मिनलपासून जमिनीवरच्या उपग्रहकेंद्रापर्यंत बसवावे. त्याने वेगही राहतो आणि टप्पाही झाकला जातो. ५५० किलोमीटरच्या उपग्रहांवर विलंब मुळातच काही मिलिसेकंदांचा असल्याने तिथे मध्यस्थ वगळून सरळ आयपीसेक (प्रत्येक पॅकेट झाकणारे कूटबद्धीकरण) वापरावे. पण पर्यायी मार्ग म्हणून भूस्थिर उपग्रह धरला असेल, तर मुख्य मार्ग तुटताच कोणी वेगासाठी संरक्षण काढून टाकणार नाही, याची व्यवस्था आधीच लिहून ठेवावी लागेल. घाईच्या वेळी असे निर्णय झालेले मी पाहिले आहेत, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

---

उत्तर : लहरमापी

भूकेंद्र यांच्या सांध्यांच्या कल्पनेशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात मी असा एक सांधा जोडतो, जो आराखड्यावर रेघ म्हणून काढलेलाच नसतो : जीपीएस आणि तत्सम दिशादर्शक उपग्रह.

आपल्या जाळ्यातील किती घटक त्यावर उभे आहेत ते मोजून पाहा. ड्रोनला आपली जागा त्यातून कळते. बेस स्टेशनला वेळ त्यातून कळते. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे, मोबाइल जाळ्यांची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज १७ मध्ये उपग्रहमार्गे ५जी जोडणीचे जे मानक आले, त्यात जमिनीवरच्या टर्मिनलला स्वतःचे स्थान दिशादर्शक उपग्रहांवरून माहीत आहे असे गृहीत धरले आहे. कारण कळण्यासारखे आहे. खालच्या कक्षेतील उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे २ गिगाहर्ट्झच्या संकेतात डॉप्लर परिणामामुळे (वेगामुळे वारंवारता सरकल्याने) ४० किलोहर्ट्झहून अधिक फरक पडू शकतो, आणि अंतर सतत बदलल्याने विलंबही बदलतो. टर्मिनलने उपग्रहाची कक्षा आणि स्वतःची जागा यांवरून हे दोन्ही आधीच भरून काढायचे, अशी रचना आहे. म्हणजे जागा चुकली तर टर्मिनल चुकीच्या क्षणी आणि चुकीच्या वारंवारतेवर बोलू लागेल.

याचा अर्थ असा, की ज्याला आपली उपग्रहजोडणी तोडायची आहे त्याने उपग्रहाच्या दुव्याला हात लावण्याचे कारण नाही. जीपीएसचा संकेत २०,२०० किलोमीटरवरून येतो आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत त्याची शक्ती इतकी क्षीण होते, की ती वॉटमध्ये लिहायची तर दशांश चिन्हापुढे पंधरा शून्ये लिहिल्यानंतर पहिला अंक येतो. तो संकेत बुडवायला खिशात मावणारे उपकरण पुरते. एका छोट्या जॅमरने ड्रोनचे उड्डाण, बेस स्टेशनचे घड्याळ आणि उपग्रहाची जोडणी या तिन्ही गोष्टी एकदम डळमळीत होतात. आपण उपग्रहाचे दोन पर्यायी मार्ग ठेवले म्हणून जाळे टिकाऊ झाले असे वाटते, पण दोन्ही मार्ग एकाच घड्याळावर उभे असतील तर तो टिकाऊपणा फक्त कागदावर आहे.

जॅमिंग निदान जाणवते. खोटे संकेत पेरणे, म्हणजे स्पूफिंग, त्याहून अवघड, कारण ते सावकाश करता येते. २०१३ साली टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी भूमध्य समुद्रात एका मोठ्या नौकेवर, नौकामालकाच्या संमतीने, हा प्रयोग केला होता. खऱ्या संकेतांशी जुळणारे खोटे संकेत हळूहळू वरचढ करत त्यांनी नौकेला मार्गावरून बाजूला नेले आणि सुकाणूकक्षात एकही इशारा वाजला नाही. नौका वळताना खलाशी आपण मार्ग ‘दुरुस्त’ करत आहोत असेच समजत होते.

उपायांबद्दल बोलायचे, तर युरोपच्या गॅलिलिओ प्रणालीने ओएसएनएमए ही सेवा जुलै २०२५ मध्ये अधिकृतपणे सुरू केली आहे. तिच्यामुळे दिशादर्शक संदेश खरोखर गॅलिलिओकडूनच आला आहे का, हे साध्या ग्राहकयंत्रालाही तपासता येते. ती जरूर वापरावी, पण तिच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. खरा संकेत पकडून तो जसाच्या तसा थोड्या उशिराने पुन्हा प्रक्षेपित केला, तर स्वाक्षरी खरीच राहते. शिवाय या पद्धतीत स्वाक्षरी तपासण्याची किल्ली संदेशानंतर जाहीर होते, त्यामुळे ग्राहकयंत्राकडे दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने मिळालेली वेळ असावी लागते. ती अगदी काटेकोर नको, ३० सेकंदांच्या आत बरोबर असली तरी चालते, पण ती दिशादर्शक उपग्रहांकडून आलेली नसावी.

म्हणून ड्रोनवर स्वतंत्र घड्याळ हवे, आणि ते किती चांगले हवे हे गणिताने ठरवता येते. टीडीडी पद्धतीच्या (एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलणे आणि ऐकणे) ५जी जाळ्यात बेस स्टेशनांच्या वेळा साधारण दीड मायक्रोसेकंदाच्या आत ठेवाव्या लागतात. घड्याळाची चूक अब्जात एक भाग असेल, तर दर सेकंदाला एक नॅनोसेकंद याप्रमाणे ही मर्यादा १,५०० सेकंदांत, म्हणजे २५ मिनिटांत ओलांडली जाईल. दहा अब्जांत एक भाग असेल तर चार तासांहून थोडा अधिक अवधी मिळेल. ड्रोन अर्ध्या तासाने बदलला जाणार असेल तर पहिले घड्याळ थोडक्यात कमी पडते आणि दुसरे आरामात पुरते. हा आकडा प्रबंधात असू द्या. परीक्षकांना ‘जॅमिंगचा धोका आहे’ या वाक्यापेक्षा तो अधिक पटेल.

---

प्रतिसाद : क्षितिज_७

दोघांचेही मनापासून आभार. जीपीएस हा घटक माझ्या आकृतीत खरोखरच नव्हता, तो मी आता प्रत्येक पेटीला जोडून दाखवला आहे आणि आकृती पार बदलून गेली आहे.

एक अडचण अजून सुटलेली नाही. ड्रोनची बॅटरी संपते, म्हणून दर अर्ध्या तासाने एक ड्रोन खाली येतो आणि दुसरा त्याची जागा घेतो. त्या वेळी त्याच्यावर असलेले सगळे फोन एकदम दुसऱ्या बेस स्टेशनकडे जातात. प्रत्येकाची ओळख दूरच्या कोअर नेटवर्ककडून नव्याने पटवायची, तर भूस्थिर मार्गावर प्रत्येक फेरीला अर्धा सेकंद जातो. म्हणून ओळख पटवण्याचे काम ड्रोनवरच किंवा उपग्रहावरच करावे, असा माझा विचार होता. यात काही धोका आहे का?

---

उत्तर : किल्लीदार

धोका आहे, आणि तो ड्रोन हातात सापडण्याचा आहे. मनोरा कुंपणाच्या आत असतो आणि उपग्रह पोहोचण्यापलीकडे असतो. ड्रोन मात्र वाऱ्याने, बिघाडाने किंवा लहरमापी यांनी सांगितलेल्या फसवणुकीने अनोळखी माणसाच्या अंगणात उतरू शकतो. म्हणून आराखड्याचा पहिला नियम असा ठेवावा, की ड्रोन शत्रूच्या टेबलावर उघडून ठेवलेला असला तरी इतर कोणाचे नुकसान होता कामा नये. प्रत्यक्ष उपकरण हातात आले की काय करता येते, याचा अंदाज हवा असेल तर २०२२ साली बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातील संशोधकाने स्टारलिंकच्या टर्मिनलवर केलेले काम पाहावे. घरी बनवलेल्या स्वस्त सर्किटने वीजपुरवठ्यात क्षणिक धक्का देऊन त्याने उपकरणाची स्वाक्षरी-तपासणी चुकवली होती. त्यात कूटशास्त्राचा काहीच दोष नव्हता.

आता आपल्या प्रश्नाचे दोन भाग करू. ड्रोन बदलताना प्रत्येक फोनची ओळख मुळापासून पटवण्याची गरजच नाही. ते हँडओव्हरचे, म्हणजे चालू जोडणी एका स्टेशनकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचे, काम आहे, आणि हँडओव्हरमध्ये आधीच्या किल्लीपासून पुढची किल्ली तयार होते. पण ती *कोण* तयार करतो, हे फार महत्त्वाचे आहे. शेजारच्या दोन बेस स्टेशनांनी आपापसात, एक्सएन दुव्यावरून, हँडओव्हर केला, तर पुढच्या स्टेशनची किल्ली आधीचे स्टेशनच काढून देते, म्हणजे ती त्याला माहीत असते. फोन आणखी एक उडी मारेपर्यंत जुना ड्रोन नव्या ड्रोनवरचे बोलणे उलगडू शकतो. हाच हँडओव्हर कोअर नेटवर्कमार्फत, एनटू दुव्यावरून, केला तर नवी किल्ली कोअरकडून थेट नव्या स्टेशनला मिळते आणि जुन्याला ती काढता येत नाही. मानकात या दोन पद्धतींची सुरक्षा अनुक्रमे दोन उड्यांची आणि एका उडीची म्हणून नोंदलेली आहे. जमिनीवरच्या मनोऱ्यांसाठी हा फरक सहसा कोणी मनावर घेत नाही. बॅटरी संपल्यामुळे खाली उतरणाऱ्या, म्हणजे लवकरच कोणाच्या तरी हातात पडू शकणाऱ्या ड्रोनसाठी तो निर्णायक आहे. थोडा उशीर सोसावा आणि ड्रोनवरून होणारे हँडओव्हर कोअरमार्फतच करावेत, असे माझे ठाम मत आहे. ड्रोनची उतरण्याची वेळ आधीच माहीत असल्यामुळे हे काम दोन मिनिटे अगोदर टप्प्याटप्प्याने सुरू करता येते, सगळे फोन शेवटच्या क्षणी एकदम हलवण्याचे कारण नाही.

त्याहून चांगला उपाय म्हणजे संपूर्ण बेस स्टेशन ड्रोनवर ठेवूच नये. ५जीमध्ये बेस स्टेशनचे दोन भाग करता येतात. रेडिओजवळचा डीयू हा भाग ड्रोनवर ठेवावा आणि मध्यवर्ती नियंत्रणाचा सीयू हा भाग जमिनीवरच्या सुरक्षित वाहनात किंवा निदान त्या २० किलोमीटरवरच्या मंचावर ठेवावा. फोनच्या वाहतुकीचे कूटबद्धीकरण सीयूमध्ये संपते, त्यामुळे ड्रोनवर ग्राहकांच्या किल्ल्या कधी येतच नाहीत. ड्रोन हरवला तर एक रेडिओ हरवला, एवढेच.

ड्रोनच्या उड्डाण-आज्ञांबद्दलही एक शब्द. मॅव्हलिंक हा शिष्टाचार वापरणार असाल, तर त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक संदेशाला १३ बाइटची स्वाक्षरी जोडण्याची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे आणि संदेश मुळीच झाकला जात नाही. ती सुरू केली आहे याची खात्री करावी, आणि ड्रोन कुठे आहे हे गुप्त राहायला हवे असेल तर खालच्या दुव्यावर वेगळे कूटबद्धीकरण घालावे.

---

उत्तर : भूकेंद्र

किल्लीदार यांच्या सूचनेतील एका मुद्द्यावर मला वेगळे मत नोंदवायचे आहे. सगळे हँडओव्हर कोअरमार्फत केले, तर कोअरपर्यंतचा उपग्रहमार्ग हाच जाळ्याचा गळा होतो, आणि तो आवळणे वाटते तितके कठीण नाही. उपग्रहांच्या कक्षांची माहिती कोणालाही उपलब्ध असते. कोणत्या क्षणी कोणता उपग्रह कुठे आहे आणि वाहतूक उपग्रहांमधल्या कोणत्या लेसर दुव्यांवरून जाण्याची शक्यता आहे, हे हल्लेखोर आपल्या इतकेच अचूक काढू शकतो. २०२१ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की जगभर विखुरलेली संगणकयंत्रे आपापसात साधी दिसणारी थोडी थोडी वाहतूक सुरू करून ठरावीक दुव्यावर कोंडी करू शकतात. प्रत्येक प्रवाह निरुपद्रवी दिसतो, म्हणून गाळणीत काही अडकत नाही. जमिनीवरच्या जाळ्यात आतली रचना निदान थोडी झाकलेली असते, आकाशातील रचना मात्र खगोलशास्त्रासारखी उघड आहे.

म्हणून माझ्या मते ओळख पटवणारा कोअरचा एक लहान भाग जमिनीवरच्या त्याच सुरक्षित वाहनात असावा, जिथे किल्लीदार सीयू ठेवण्यास सांगतात. उपग्रहमार्ग तुटला तरी त्या परिसरातील माणसे निदान एकमेकांशी बोलू शकतील, आणि संकटाच्या वेळी बहुतेक महत्त्वाचे बोलणे त्या परिसराच्या आतच होत असते.

---

उत्तर : किल्लीदार

हे मान्य आहे, एका अटीवर. त्या स्थानिक कोअरला मूळ ग्राहकनोंदींच्या दीर्घकालीन किल्ल्या देऊ नयेत. फक्त बचाव-पथकांसाठी आणि ठरावीक काळासाठी वेगळ्या नोंदी तयार कराव्यात आणि मुदत संपताच त्या आपोआप रद्द व्हाव्यात. सामान्य नागरिकांच्या फोनची ओळख त्यांच्या मूळ कंपनीनेच पटवावी, कारण ५जीमध्ये ही अंतिम तपासणी मूळ जाळ्याकडे मुद्दाम ठेवलेली आहे, आणि सोयीसाठी ती सोडून दिली तर परत मिळवता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आता लहान वाटते पण पुढे मोठी होईल. उपग्रह एकदा वर गेला की अनेक वर्षे तिथेच राहतो, त्यामुळे आज निवडलेले कूटशास्त्र क्वांटम संगणकांच्या काळातही चालवावे लागण्याची शक्यता आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने त्यासाठीची नवी मानके प्रसिद्ध केली. त्यांची अडचण आकाराची आहे. सध्याची ईडी२५५१९ स्वाक्षरी ६४ बाइटची असते, तर नव्या एमएल-डीएसए-६५ची ३,३०९ बाइटची. सेकंदाला २ किलोबिट वेगाच्या अरुंद उपग्रहदुव्यावर पहिलीला पाव सेकंद लागतो आणि दुसरीला तेरा सेकंद. लहान संवेदकांसाठी हे परवडणारे नाही. अशा दुव्यांवर आधीपासून वाटून ठेवलेल्या सममित (दोन्ही टोकांना सारख्याच असलेल्या) किल्ल्या वापराव्यात आणि नव्या स्वाक्षऱ्या फर्मवेअर (उपकरणाच्या आत बसवलेली आज्ञावली) तपासण्यासाठी राखून ठेवाव्यात, कारण ते काम क्वचितच होते आणि तिथे चूक झाली तर के-ए-सॅटच्या मोडेमसारखी गत होते. फर्मवेअर बदलण्याची आज्ञा एकाच माणसाच्या किंवा एकाच यंत्राच्या स्वाक्षरीने चालू नये, आणि ती सगळ्या उपकरणांना एकाच वेळी तर कधीच जाऊ नये.

---

प्रतिसाद : क्षितिज_७

सुरक्षेचे प्रकरण आता दोन पानांत बसणार नाही, हे परीक्षकांना कळवले आहे. आकृती नव्याने काढताना ड्रोनवर फक्त डीयू ठेवला आहे, सीयू आणि स्थानिक कोअर जमिनीवरच्या वाहनात नेले आहेत, आणि व्यवस्थापनाच्या आज्ञांसाठी ग्राहकवाहतुकीपासून वेगळा मार्ग दाखवला आहे. मात्र ड्रोनवर डीयू आणि खाली सीयू ठेवल्यामुळे त्या दोघांतील दुवा नवा सांधा झाला आहे. त्याची तपासणी मी कशी करावी?

---

उत्तर : लहरमापी

त्या दुव्यावर आयपीसेक लावा आणि दोन्ही बाजूंना ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रे द्या, पण त्याआधी एक साधी गोष्ट तपासा. प्रमाणपत्राची मुदत पाहण्यासाठी ड्रोन वेळ कुठून घेतो? ती दिशादर्शक उपग्रहांकडून येत असेल, तर खोट्या वेळेने मुदत संपलेले प्रमाणपत्र पुन्हा जिवंत करता येईल किंवा चांगले प्रमाणपत्र बाद ठरवता येईल.

प्रयोगशाळेत चाचणी अशी घ्या. सगळी यंत्रणा सुरू करा, सर्व काही स्थिर झाल्यावर दिशादर्शक अँटेनाची तार काढा आणि घड्याळ लावा. सर्वांत आधी कोणता घटक गडबडतो, किती मिनिटांनी, आणि तो गडबडल्याचे कोणाला कळते, याची नोंद करा. नंतर तार जोडण्याऐवजी सिम्युलेटर जोडा आणि वेळ दर सेकंदाला काही नॅनोसेकंदांनी पुढे सरकवत न्या. हे केबलमधूनच करा, हवेत प्रक्षेपण करू नका, कारण आसपासच्या इतरांना त्याचा उपद्रव होईल आणि ते बेकायदेशीरही असते. दुसऱ्या चाचणीत काहीही न गडबडता वेळ दहा मायक्रोसेकंद सरकली, तर दोष कुठे शोधायचा ते कळेल. निकाल इथे अवश्य लिहा, ड्रोनवर कोणत्या प्रतीचे घड्याळ आहे तेही त्यासोबत नोंदवा.